लाल पडदा

नागपूरच्या विमानात एकच सीट उरली होती आणि गेटसमोर उभे होते दोघं. नियमाप्रमाणे कॅमेरे सुरू झाले. सीट कोणाची, ते घरी बसलेले प्रेक्षक मतं देऊन ठरवणार होते. प्रवासी खरं बोलतोय की खोटं, हे यंत्र देशभरच्या नोंदी चाळून तिथल्या तिथे पडद्यावर सांगायचं.

"मित्राची हळद आहे," तरुण म्हणाला. पडदा हिरवा झाला.

हेमांगी उमाठेनं माइक घट्ट धरला. "माझे बाबा सिरियस आहेत हो. सकाळी दादाचा फोन आला, लगेच निघ म्हणाला."

पडदा लालभडक झाला. खोटं!

"सीटसाठी बापाला आजारी पाडता, ताई?" निवेदक कॅमेऱ्याकडे बघत ओरडला. तिची मतं भराभर घसरली.

"अहो, खोटं कशाला बोलू?" म्हणत ती वळली, तेव्हा पडद्यावर कारण उमटलं होतं : वामन उमाठे यांचे आज पहाटे निधन.

फोनवर असं सरळ सांगतं का कोणी? आजोबा गेले तेव्हा तिनंही आत्याला 'सिरियस आहेत' एवढंच कळवलं होतं.

तरुण मान खाली घालून आत गेला. गेट बंद झालं. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"निघालीस ना गं? बाबा वाट बघतायत." आवाज कसाबसा सावरलेला.

तिनं डोळे पुसले.

"हो दादा, बसले विमानात. बाबांना सांग, येतेच."

माइक अजून चालू होता. पडदा पुन्हा लाल झाला.