दोन बोटांची फट

नीराबाईने पाळण्याच्या कठड्यातून मूठ घातली. मूठ आरपार गेली. मागोमाग मनगट गेलं, कोपरापर्यंत हात गेला.

"ह्यो नको," ती म्हणाली.

दत्तात्रेयाच्या कपाळाला आठी पडली. रेवसच्या वाटेवरच्या धर्माजी सुताराच्या मांडवात मायलेक उन्हं चढल्यापासून बसून होते. घरी दत्तात्रेयाची बायको जनी आठ दिवसांची बाळंतीण. परवा तिच्या बाजेखाली फुरसं निघालं, जमिनीवर टाकलेल्या पोराच्या दुपट्यापासून वीतभरावर. ते ठेचलं, पण तेव्हापासून जनीने पोराला खाली ठेवलं नव्हतं. आढ्याला झोळी बांधावी, तर आढ्यावरचे उंदीर कुठलाही दोर रात्रीत कुरतडत. दोन दिवस ती पोर छातीशी धरून बसल्या बसल्या पेंगत होती, आणि नीराबाईला त्या पेंगण्याचीच जास्त धास्ती वाटत होती. उद्याची लाँच धरून दत्तात्रेयाला मुंबईला गोदीत हजर व्हायचं होतं. त्याआधी बाजेला लागून उभा राहील असा पाळणा घरात यायला हवा होता.

"आये, कातीव दांड्या तर बघ. ह्याच्याहून देखना कुठं मिळनार?"

"देखना हाय. पन फट बघ." तीस वर्षं ती गावची सुईण होती. पोराचं अंग तिच्या हातांना पाठ होतं. "पोर पायाकडनं सरकतं. ह्यातनं धड निघंल आन् डोकं आत ऱ्हाईल."

पलीकडे धर्माजी फळीवर रंधा मारत होता. तो थांबला.

दुसरा पाळणा उंच होता. नीराबाईने नुसता तळवा टेकला तर तो डुगडुगला. तिने मान हलवली. दत्तात्रेय उठून उभा राहिला.

"बाय," धर्माजी म्हणाला, "आनी एक हाय."

तो मागच्या पडवीत गेला. गोणपाट ओढल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड सरकवत आणल्याचा. पाळणा रुंद पायांचा होता, बरोबर बाजेच्या उंचीचा. नीराबाईने फटीत बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडलं. तिने कठड्यावर भार टाकला, दोन्ही हातांनी धरून हलवला, प्रत्येक दांडीवरून तळवा फिरवून कुसळ लागतं का पाहिलं. काही हललं नाही, काही टोचलं नाही.

"झालं तर मग," दत्तात्रेय म्हणाला. "ह्योच न्यायचा."

नीराबाईचा हात मात्र कठड्यावरून निघेना. एक दांडी काळपट सागाची, तर तिच्या शेजारची पिवळी, फणसाची. पुन्हा काळपट, पुन्हा पिवळी. तिने पिवळी दांडी अंगठ्याखाली झाकली आणि दोन काळपट दांड्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. मूठ आरपार जाईल एवढं होतं.

"ह्या पिवळ्या मागनं बसवल्या?"

"व्हय."

"कधी?"

"श्रावनात."

"आन् पाळना कधीचा?"

"माघातला."

नीराबाईने पिवळ्या दांडीवरचा अंगठा काढून घेतला. मग तिने विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"मुलगा," धर्माजी म्हणाला. "आषाढात पाच म्हयन्यांचा झाला व्हता."

दत्तात्रेयाच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्याने आईचा दंड धरला. "आये, चल इथनं. असला पाळना कुनी घरात घेतं का?"

"जाळायला काढला व्हता," धर्माजी तिच्याकडेच बघत म्हणाला. "कुऱ्हाड उचलवली न्हाय. मग दांड्या करत बसलो. सबंध श्रावन." त्याने कठड्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "असा पाळना ह्या किनाऱ्याला दुसरा मिळायचा न्हाय, बाय. कुठं काय चुकतं, ते मला ठावं हाय."

नीराबाईने आपला दंड सोडवून घेतला. आत्ता या घटकेला जनी पेंगत असेल. उद्या दत्तात्रेय नसेल. अपशकुन खोटे ठरलेले तिने आयुष्यात कितीतरी पाहिले होते. फट खोटी ठरलेली पाहिली नव्हती.

"गाडीत चढव," ती म्हणाली. "आन् जनीला यातलं काय सांगायचं न्हाय."

दत्तात्रेय ओठ आवळून बाहेर गेला. त्याने आणि धर्माजीने पाळणा बैलगाडीत चढवला, दोरांनी जखडला. नीराबाई शेजारी चढून बसली. तेवढ्यात घराचं दार उघडलं. एक तरणी बाई बाहेर आली. हाताला तांदळाचं पीठ, केस सुटलेले.

"गोदू, तू आत जा," धर्माजी म्हणाला.

त्याची बायको आत गेली नाही. गाडीजवळ आली. पाळण्यातल्या मोकळ्या फळीवर लाकडाचा भुसा पडला होता. तो तिने पदराच्या टोकाने अलगद टिपून घेतला. कडेला हात ठेवून वाकून बघितलं. धर्माजी जमिनीकडे बघत उभा होता.

"हळू न्या, मावशी," गोदू दबल्या आवाजात म्हणाली. "आत्ताच निजलाय."

दत्तात्रेयाने कासरा हातात घेतला होता. तो तसाच आईकडे बघत राहिला. नीराबाईने दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली.

"आधी बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढ," ती म्हणाली.