विरोधी पक्षाचं मत

सिनेटचं मतदान टीव्हीवर सुरू झालं, तेव्हा मृणालिनी सबनीस कोलंबसमधल्या आपल्या घरात आईला बिलगून बसली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी संघीय न्यायाधीशपदासाठी तिचं नाव सुचवलं होतं, पण सिनेटनं होकार दिल्याशिवाय नेमणूक होणार नव्हती. आज अधिवेशन संपत होतं. आज जमलं नाही, तर इतक्या महिन्यांची धडपड वाया जाणार होती.

"तो पांढऱ्या मिशांचा कोण गं?" साताऱ्याहून आलेल्या आईनं विचारलं.

"विरोधी पक्षाचा सिनेटर. सुनावणीत त्यानंच मला धारेवर धरलं होतं. ज्यांनी नेमलं त्यांच्याच विरुद्ध निकाल द्याल का, म्हणाला."

"मग तू काय सांगितलंस?"

"कायदा त्यांच्या विरुद्ध असेल तर देईन, म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही."

दोन्ही बाजूंची मतं जवळजवळ सारखीच पडत गेली. मिशीवाला पुढे आला आणि त्यानं अंगठा वर केला. आपण नीट पाहिलं ना, हेच मृणालिनीला कळेना. थोड्या वेळानं निवेदिकेनं सांगितलं की एका मतानं मंजुरी मिळाली. पत्रकारांनी त्या सिनेटरला गाठलं, तेव्हा "बाई खरं बोलल्या," एवढंच म्हणून तो चालू लागला.

मृणालिनीचे डोळे भरून आले. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"राष्ट्राध्यक्षांचे आभार मानशील ना?"

"उद्याच मानते."

"मान. आणि खुर्चीत बसलीस की विसरून जा."