सरावासाठी एक हात

नवरा गेल्यानंतर राजलक्ष्मीनं थाटीपुरातल्या जनावरांच्या दवाखान्यात साहाय्यकाचं काम शिकायला घेतलं. उद्या परीक्षा होती: कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधण्याची. “घरी कुणाच्या तरी हातावर सराव करा,” डॉक्टर म्हणाले होते, “घट्ट झाली की चेहऱ्यावर दिसतं.” घरी कुणीच नव्हतं. तिनं खुर्चीच्या पायाला पट्टी बांधली. पुण्यातल्या मुलाला फोन केला. “आई, मीटिंगमध्ये आहे. व्हिडिओ बघ ना.” धीर करून तिनं शेजारचं दार वाजवलं. “चोट लगी क्या?” शेजारणीनं तिच्या हातातली पट्टी पाहून विचारलं. “नहीं. दस मिनट आपका हाथ चाहिए.” शेजारणीनं हसून हात पुढे केला. राजलक्ष्मीनं तो उबदार हात हातात घेतला. पट्टी पहिल्याच खेपेला नीट बसली. “हो गया?” “नहीं, ढीली रह गई,” राजलक्ष्मी म्हणाली आणि पट्टी सोडून पुन्हा बांधू लागली.