पप्पांना बोलवू नका

"बाई, छडी मारा, उन्हात उभी करा, पण पप्पांना बोलवू नका," सातवीतली नर्मदा म्हणाली. मधल्या सुट्टीत तिने वर्गातल्या मुलीच्या डोक्यात स्टीलचा डबा घातला होता. शाळेत शिस्तीचं काम बघणाऱ्या वैजयंतीबाईंनी कारण विचारलं, तर तिने नुसती बाही खाली ओढली. तरीही दंडावरचे काळेनिळे वळ बाईंना दिसलेच.

त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, हिच्या घरी कळवू नका. मी बघते."

"त्या मुलीला टाके पडलेत, बाई. मी मघाशीच फोन केलाय."

वडील आले. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. त्यांनी जखमी मुलीची विचारपूस केली आणि हात जोडून माफी मागितली. सर खूश झाले. "असे समजूतदार पालक हल्ली कुठे मिळतात?"

बाईंना राहवलं नाही. "हिच्या हातावर वळ आहेत. तुम्ही मारता हिला?"

"बाई, पुरे," सर म्हणाले.

वडील मात्र रागावले नाहीत. "मुलांना शिस्त लावावीच लागते. तुमचंही तेच काम ना, बाई?"

नर्मदा बाईंकडेच बघत होती. थोडा वेळ तिने वाट पाहिली, मग दप्तर उचललं आणि वडिलांच्या मागे चालू लागली. फाटकापाशी ती एकदा तरी वळून बघेल असं बाईंना वाटलं. तिने बघितलं नाही.