मनगटावरचा पट्टा

“पट्टा बांध आधी! भाकऱ्या थापायला आलीस का इथे?” डोईफोडेबाई नव्या आलेल्या मोहिनीवर खेकसल्या.

अंगात साठलेल्या विजेने नाजूक चिप जळते. म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याच्या तारेचा चिमटा टेबलाच्या अर्थिंगला लावायचा, ही कारखान्यातल्या सोल्डरिंग लाइनची पहिली रीत. बाईंनी ती कधी मोडली नव्हती. हल्लीच्या पोरींना रीत म्हणजे जाच वाटतो, असं त्या नाक मुरडून सांगत आणि त्या पोरींनी जोडलेलं सर्किट मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरत.

म्हणूनच टेस्टिंगचे साहेब जळक्या सर्किटांचा ट्रे घेऊन आले, तेव्हा बाईंनी लगेच मोहिनीकडे हनुवटी उडवली. “हिचाच उपद्व्याप. असल्यांना दारातच उभं करू नये.”

“सगळी तुमच्या टेबलावरची आहेत, बाई,” साहेब म्हणाले.

“माझी? माझा पट्टा बघा!” बाई फणकाऱ्याने उठल्या, मनगट पुढे करून तरातरा साहेबांकडे निघाल्या, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची प्लास्टिकची खुर्ची फरफटत निघाली.

उन्हाळ्यात पंख्याखाली सरकून बसल्यावर तार अर्थिंगपर्यंत पुरेना, तेव्हा त्यांनीच चिमटा खुर्चीच्या हाताला लावला होता. तो तिथेच राहिला होता. पट्टा मात्र रोज न चुकता बांधला जात होता.

सगळी लाइन खाली मान घालून हसू दाबत होती. बाईंनी वळून खुर्चीकडे पाहिलं, अगदी मोहिनीकडे पाहत तसंच.

“ही असली खुर्ची मला दिली कोणी?”