पऱ्या आला

सगळी वाडी शाळेत राहायला गेली, तरी भागोजी घरातून हलले नाहीत. तलाठी सांगून गेले, दरड कोसळेल. भागोजी म्हणाले, "कोसळू द्या. तिला तरी दुसरं काय काम हाय?"

सरपंच गयावया करू लागले. "काका, हात जोडतो."

"जोड. मोकळे ठेवून तरी काय करणार हायेस?"

बायको, नीराबाई, ट्रंक डोक्यावर घेऊन निघाली. "तांदूळ डब्यात हाय," एवढंच म्हणाली.

घर पऱ्याच्या अगदी काठावर. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला इकडे पऱ्याच म्हणतात. दर पावसाळ्यात तो काठ खात खात पुढं सरके. मागच्या साली कपडे धुवायचा दगड नेला, यंदा न्हाणीच्या भिंतीला लागला. "बरंय," भागोजी म्हणत, "नळ घ्यायला नको."

जावईही पऱ्याच. कागदावर परेश; रेवदंड्याला रिक्षा चालवतो. भागोजींना न विचारता त्यानं त्यांच्या प्रांजलीशी लग्न केलं, तेव्हाच, वाडीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन, असं भागोजींनी जाहीर केलं होतं. दाराआड एक काठी खास त्याच्यासाठी ठेवलेली होती.

दुपारी मुसळधार पावसात पऱ्याचं पाणी अचानक आटलं. पलीकडच्या उंच काठावर शेजारचा अजित म्हैस सोडायला आला होता. तो जागीच थबकला. एवढ्या पावसात ओढा सुकतो म्हणजे वर कुठंतरी माती-झाडांनी तो तुंबलेला असतो, आणि तुंबलेलं फार वेळ तुंबून राहत नाही. तेवढ्यात डोंगरातून आवाज आला, डंपरनं खडी ओतावी तसा.

अजित जिवाच्या आकांतानं ओरडला, "काका, पऱ्या आला! पऱ्या आला!"

आतून भागोजी गरजले, "कुठाय?"

"अवो आला, आला! फाट्याकडं पळा!"

"मी पळू? त्यालाच पळवतो!"

आणि जो माणूस सरकारचं ऐकून उंबऱ्याबाहेर आला नव्हता, तो काठी उगारून अनवाणी धावत सुटला. रिक्षा थांबते तो फाटा गाठेपर्यंत त्यांनी शिव्यांखेरीज कशालाच दम खर्च केला नाही.

फाटा रिकामा होता. मागं मात्र डोंगरच चालत आल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं, तर घर होतं तिथं लाल चिखल होता, चुलीच्या जागी खोलीएवढा धोंडा, आणि त्याच्या शेजारी वरनं आलेला एक फणस उभाच्या उभा.

"पऱ्या कुठाय रे?" भागोजींनी विचारलं.

पलीकडे अजित म्हशीच्या गळ्यात पडून रडत होता. त्यानं हातानं उताराकडे दाखवलं. "हा काय, गेला की!"

शाळेत नीराबाईनं पदरानं त्यांचं डोकं पुसलं. मग मनगट धरून खाली बसवलं आणि ते मनगट काही सोडलं नाही.

"तांदूळ?"

"गेला."

"जाऊ दे. जुनाच होता."

संध्याकाळी बाहेर एक रिक्षा थांबली. चिखलातून कुणीतरी धावत आलं. दाराशी बसलेल्या वाडीतल्या निकेशनं त्याला ओळखलं आणि आनंदानं ओरडला, "पऱ्या आला!"

शाळा क्षणात रिकामी झाली. माणसं दारातून, खिडकीतून, एकमेकांच्या अंगावरून गेली. आपत्तीच्या वेळी शांतता राखा असं सकाळीच समजावून सांगणाऱ्या मृणाली बाई सगळ्यांत पुढं होत्या.

वर्गात तिघंच उरले. भागोजी, त्यांचं मनगट धरलेली नीराबाई आणि समोर धापा टाकत उभा परेश. डोळ्यांत पाणी की पाऊस, कळत नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "प्रांजली सारखी रडतेय. घरी चला."

भागोजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सतरंजीवर जरा बाजूला सरकले.

"बसा, परेशराव."

नीराबाईच्या हातातून मनगट सुटलं. "राव?"

"मग काय पऱ्या म्हणू?" भागोजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "लोकं आत्ता कुठं परत येतायत."