रुळांपलीकडचं शून्य

१. चौकातलं कारंजं

“शून्य,” महापौर म्हणाले. “अपघात शून्य, म्हणून गुण शून्य. पुढे चला.”

नेवेना पुढे गेली नाही. पडद्यावरच्या तक्त्यात तिची रुळांखालची भुयारी वाट अकराव्या ओळीत होती. लाल रेघ दहाव्या ओळीखाली होती. रेघेवरची कामं या आराखड्यात होणार. खालची पुढच्या आराखड्यात बघू.

कारंज्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. ते होणारच.

२. पोहण्याचा तलाव, छपरासह

केबलचा कारखाना आला आणि शहर रुळांपलीकडे पसरलं. तिकडे घरं स्वस्त. शाळा मात्र रुळांच्या या बाजूला राहिली. पूल आहे, पण फार लांब. शाळेला उशीर झालेलं मूल पुलापर्यंत जात नाही. रूळ ओलांडतं.

चार वर्षांपूर्वी आसेन मालगाडीखाली गेला. दुसरीत होता. सिग्नलच्या खांबावर त्याचा फोटो असलेला कागद लागला, जसा इथे प्रत्येक मेलेल्या माणसाचा लागतो. चाळिसाव्या दिवशी दुसरा लागला. मग दर वर्षी एक. कागद नवा, फोटो तोच.

आसेन गेला त्या वर्षी नगरपालिकेची नियोजनप्रमुख नेवेना एक नियम घेऊन आली. मागच्या तीन वर्षांत जिथे माणूस मेला, तिथल्या कामाला सर्वांत जास्त गुण. कोणाला मागाहून फेरफार करता येऊ नये म्हणून तिनेच खाली आणखी एक वाक्य जोडलं. गुण मोजल्यावर नियम बदलता येणार नाही.

नियम मंजूर होईपर्यंत एक निवडणूक गेली. आराखडा येईपर्यंत आणखी एक अर्थसंकल्प. आसेन तीन वर्षांच्या बाहेर गेला.

३, ४, ५, ६

ही पानं सभेने नुसती उलटली.

७. बसथांब्यांना काचेची छपरं

“चार वर्षं झाली म्हणून काय आसेन मेलाच नाही?” नेवेना म्हणाली.

“नियम कोणाचा, बाई?” महापौर मृदू आवाजात म्हणाले. “मी तेव्हा म्हणत होतो, एवढी घट्ट गाठ मारू नका. तुम्ही म्हणालात, तुमच्यासाठीच मारतेय.”

सभागृह हसलं. नेवेनासुद्धा थोडी हसली. गाठ खरंच चांगली बसली होती.

शेजारच्या खुर्चीवरून अभियंता झिवको कुजबुजला, “एखादा मोडलेला पाय शोध. पायाला अर्धे गुण आहेत.”

“नाही सापडला.”

“हात? बोट?”

“रेल्वे पोलिसांकडे स्वतः जाऊन आले, झिवको. साधी बकरीसुद्धा नाही.”

“मग काय, एखादी बकरी गाडीखाली यावी म्हणून चर्चमध्ये मेणबत्ती लावू?”

तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मध्येच थांबला. आपण काय शोधतोय, ते दोघांना एकाच वेळी कळलं होतं.

“मला एक सांगा,” महापौर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. “तुम्हाला वाईट कशाचं वाटतंय? पोरं जिवंत आहेत याचं?”



१०. पालिकेमागचं वाहनतळ

आठ आणि नऊही तशीच उलटली. आराखडा मंजूर करायला हात वर झाले. गुण बरोबर मोजले आहेत, अशी सही नेवेनाला करायची होती. गुण बरोबरच मोजले होते.

तिने सही केली.

⸻ लाल रेघ ⸻

११. भुयारी वाट

पालिकेच्या पायऱ्यांवर बोन्का उभी होती. आसेनची आई. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, गळ्यात शिटी, हातात फडक्याखाली वाफाळणारी परात.

“या, नेवेनाबाई! आधी बानित्सा घ्या. चीज घरचं आहे. आणि तो लहान तुकडा कशाला उचलताय, हा कडेचा घ्या, कुरकुरीत.”

नेवेनाने चीज भरलेल्या पापुद्र्यांचा तो तुकडा हातात धरला. “ही शिटी कसली, बोन्का?”

“ही? अहो, रुळांवरची. पोरं थोपवायला. गाडी गेली की सोडायची एकेक.”

“तू उभी असतेस?”

“आम्ही पाचजणी. सकाळी, आणि शाळा सुटताना. कारखान्यात पाळ्या बदलून घेतल्यात. आसेनचा चाळिसाव्याचा कागद लावायला गेले होते ना, तेव्हा पोरं ओलांडायला निघाली होती. हात आडवा केला. मग तिथून हलवेचना.”

“पालिकेत कोणाला सांगितलं नाहीस कधी?”

“सांगून काय? परवानगी कुठाय, विचारलं असतं. त्या महापौरांनी तर फीतच कापली असती.”

बोन्का स्वतःच खळखळून हसली. आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. नगरसेवक बाहेर यायला लागले होते. तिने घाईघाईने परातीवरचं फडकं सारखं केलं.

“सगळ्यांना पुरेल एवढी केलीय. पोरींना म्हटलं, रिकाम्या हाताने जायचं नाही. मला झिवकोच्या बायकोने मागेच सांगितलं होतं, अपघात बघून गुण देतात म्हणून. तेव्हापासून तर एक दिवस चुकवला नाही हो. बर्फात नाही, तापात नाही. थोड्या वेळाने परत जायचंय, शाळा सुटेल.”

नेवेनाच्या हातातला तुकडा गार होत होता. बोन्काने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलीसारखा आवाज खाली आणला.

“एक ओरखडासुद्धा नाही, नेवेनाबाई. पहिला नंबर आमचाच ना?”